भाऊबीजेची बोट तापली

वरूडजवळच्या मळ्यातून,
पौषातली थंडी, संत्र्याची तोडणी चालू

चि. धर्मेंद्र यास,

ताईचा पाठीवर हात आणि मनापासून आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, सासूबाईंचे गुडघे सोडून. ते थंडीत कुरकुरतातच. तुझा खोकला गेला का? तुझ्या बायकोला, चंदाला म्हणावं, तिने पाठवलेले सुके बोंबील फार आवडले. (सासूबाई माळकरी, म्हणून त्या कीर्तनाला गेल्या तेव्हा भाजले आणि नंतर घरभर उदबत्त्या लावल्या. कोणाला पत्ता लागला नाही.)

आता बोटीचं. लोकांचे भाऊ भाऊबीजेला साडी घालतात, तू बोट घातलीस. ओवाळणीच्या ताटात मावेना म्हणून तिकडच्या समुद्रकाठच्या तुझ्या बोटदुरुस्तीच्या कारखान्यातून ट्रकवर चढवून धाडलीस. तेव्हापासून घरात तिला नुसतं बोट कोणी म्हणत नाही, ‘सुनबाईच्या भावाची बोट’ म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. आमचा बगीचा धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडे, रस्त्याने वीस किलोमीटरचा वळसा, म्हणून मला तर ती पाहताच आनंदाने रडू आलं होतं. पण तुझे भाऊजी म्हणाले, पहिल्या तोडणीचा माल नीट या काठाला आला तर बोट राहील, नाही तर भंगारात जाईल. मी सगळ्यांदेखत हो म्हणाले आणि मनातून घाबरले. बोट भंगारात गेली असती तर तिच्यामागे माझं माहेरही गेलं असतं, आणि दर सणाला मला तेच ऐकावं लागलं असतं.

तू लिहून दिलेला कागद आम्ही देवघरात ठेवला आहे. थंडीत इंजिनात पाणी राहू देऊ नका, गोठलं की ते फुगतं आणि लोखंड फोडतं, हे वाक्य तुझ्या भाऊजींना फार पटलं. (तो कागद तू परदेशी पुस्तकावरून उतरवलास हे मला कळलं होतं, मी बोलले नाही.) शेजारचे नत्थुजी पोट धरून हसले. म्हणाले, “उत्तमराव, वऱ्हाडात पानी गोठते असं पयल्यांदाच आयकून राहिलो. इथं त उन्हाळ्यात वाफ होऊन जाते.” पण भाऊजी ऐकतात होय! रोज संध्याकाळी फळी उचलायची, खालची चावी सोडून इंजिनातलं पाणी काढायचं, सकाळी चावी पुन्हा आवळायची. दिवाळीनंतर कूलर आवरतात ना, पाणी उपसून, जुनी चादर गुंडाळून, अगदी तसं. वर माझी नव्या कापसाची रजई इंजिनावर गेली आणि मी महिनाभर घोंगडीत झोपले. सासूबाई म्हणाल्या, एवढी काळजी त्याने लहानपणी सख्ख्या बहिणीचीही घेतली नाही.

तर पहिल्या फेरीला सासूबाई स्वतः आल्या, नारळ घेऊन. मागच्या टोकाला पाठमोऱ्या बसल्या, म्हणजे बोट बुडाली तरी समोरून पाहायला नको. जाताना सगळं झकास. परत येताना संत्र्याचे चाळीस कॅरेट, आम्ही तिघं आणि पाण्यावर कोवळं ऊन. मी तर तुझ्या नावाने गाणं म्हणायच्या बेतात होते. मधोमध आलो आणि सासूबाई ओरडल्या, “उत्तम, मांगून पानी थुकनं बंद झालं ना रे!” तुझ्या कागदात होतंच, बोट मागून पाणी थुंकत राहिली पाहिजे, थांबली की इंजिन तापलं समजा. काटा लाल पट्टीत गेलेला, फळीखालून वाफ. भाऊजींनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू भंगारवाला काठावर उभाच आहे. “गेलं तुह्या भावाचं इंजिन,” म्हणाले आणि बादलीभर गार पाणी त्यावर ओतायला निघाले. मी हातच धरला. म्हटलं, “तापल्या इंजिनावर गार पानी टाकसान त चीर पडन. बसा, संत्रं खा.”

अर्धा तास आम्ही पाण्याच्या मधोमध संत्री खात बसलो. इंजिन निवल्यावर मी पदर खोचला, धरणाचं पाणी इंजिनात घेणारा तळातला नळ बंद केला, पाणी गाळायच्या जाळीचा डबा उघडला, भाऊजींकडे पाठ करून आत अडकलेला कचरा काढला, डबा आवळला, नळ सोडला. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू! आणि बोट मागून पाणी असं थुंकायला लागली की सासूबाईंची साडी भिजली. काठावर नत्थुजींनी फटाक्यांची माळ लावली (ती त्यांनी आम्ही बुडाल्यावर लावायला आणली होती की काय, कोण जाणे). भाऊजी आता गावभर सांगतात, आमच्या बायकोचं माहेरच इंजिनवाल्यांचं. धर्मेंद्र, मला किती आनंद झाला काय सांगू! बोट राहिली, आणि भाऊजींना आता इंजिन गोठण्यापेक्षा तापण्याची धास्ती, म्हणून माझी रजईही परत मिळाली.

तुझीच,
माणिकताई

ता. क. : खरं ते तुला सांगते. तो कचरा माझाच होता. इंजिन गार राहावं म्हणून मी आदल्या दिवशी कूलरच्या ताटीतलं गवत काढून त्या जाळीत भरलं होतं, परत येईस्तोवर ते फुगून गच्च बसलं. आपल्याकडे गारवा गवतातूनच येतो ना! तुझे भाऊजी रविवारी तुला फोन करून विचारतील की जाळी कशाने तुंबली. शेवाळाने, असं सांग. जाळी जुनीच दिली, चूक माझी, असंही सांग. एवढं माहेर राखलं मी तुझं, आता तू माझं सासर राख.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सासूबाई येऊन बसल्या. बोटीत त्या पाठमोऱ्या होत्या, पण इंजिन बंद झाल्यावर माझ्याकडे वळल्या होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हळूच म्हणाल्या, “मार्च लागाच्या आंधी कूलरची ताटी भरून ठेव बाई, उत्तमले दिसन. अन् उदबत्त्या जरा कमी लावत जाय, बोंबलाचा वास मले फाटकातच आला होता.”