पायांचे कागद

दि. ९, मंगळवार

प्रिय धाकटी,

अनेक आशीर्वाद. देवाच्या कृपेने आम्ही दोघे ठीक आहोत. ह्यांचा गुडघा थंडीत धरतो, माझा चष्मा बदलला. जुन्या पावत्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिते आहे, राग मानू नकोस. कोरा कागद अजून माझ्या हातून सुटत नाही. तू आणि मुलगी बऱ्या असाल. तू परक्याच्या कारखान्यात नगावर शिलाई करतेस, असे चामडेवाल्याकडून कळले.

बातमी अशी की दुकान विकायचे ठरते आहे. एका बूट कंपनीला आपले दुखऱ्या पायांच्या बुटांचे दुकान नावासकट हवे आहे. त्यांची हिशेबनीस चार दिवस येऊन बसली होती. पंचविशीतली पोर, पण माझ्या वह्यांत एक चूक सापडली नाही तिला. मग तिने तिचा कागद पुढे केला. किमतीच्या दर शंभरातले अडतीस यंत्रे, चामडे आणि जागेचे. बावीस त्या पायांच्या कागदांचे, ज्यांवर तू एकेका गिऱ्हाइकाचे माप आणि दुखणे लिहून ठेवायचीस. उरलेले चाळीस ख्यातीचे, म्हणजे दुकानाच्या नावावर लोक येतात त्याचे.

मी म्हटले, "अगं, हे बासष्ट माझ्या वहीत कुठेच नाहीत."

"नसणारच, काकू. आपणच कमावलेली ख्याती आपल्या वहीत लिहीत नाहीत. विकत घेणारा लिहितो. मग आम्ही दर वर्षी बघणार, ती झिजली का. झिजली तर तेवढी कमी करणार."

"टाचेसारखी?"

"टाचेसारखी. फक्त नवी ठोकता येत नाही."

मला हसू आले नाही. तेव्हापासून डोके नुसते तडकते आहे. भांडी आपटते, ह्यांच्यावर ओरडते, देवापुढे बसले तरी ओठ हलतात आणि मनात आकडेच. त्या पोरीने खण उघडून तुझा एक कागद मोठ्याने वाचला: 'डावा अंगठा दुखरा, तिथे सैल ठेवणे. बाईंना लंगडण्याबद्दल विचारू नये.' म्हणाली, "हे ज्यांनी लिहिलं त्या कुठे असतात? खरं तर आम्ही हेच घेतोय." ह्यांनी विषय बदलला. मीही बदलू दिला.

आता मूळ गोष्ट लिहिते. इतका वेळ टाळत होते.

भाऊजी गेल्यावर, सतरा वर्षांपूर्वी, तू वेगळी व्हायचे म्हणालीस तेव्हा हिशेब मी केला. यंत्रे धरली, चामडे धरले, खुर्च्यासुद्धा धरल्या, आणि त्याचा अर्धा भाग तुझ्या हातावर ठेवला. तू विचारलेस, "आणि गिऱ्हाइकं?" मी म्हटले, "जे वहीत नाही, ते नाही." तू माझ्या शिक्षणाला मान देऊन सही केलीस. मग पायांचे कागद न्यायला मागितलेस, तर मी खणांपुढे उभी राहिले. म्हटले, "हे दुकानाचं आहे." म्हणजे हिशेबात ती रद्दी, आणि तू नेताना मालमत्ता. असा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात?

माझ्या शाळेत तर उलटे शिकवले होते. भागीदार बाहेर पडला की ख्याती मोजायची आणि त्याचा वाटा द्यायचा, हा धडा मॅट्रिकला होता. त्या गणिताला मला पैकीच्या पैकी मार्क होते. तेव्हा न कळून केले असे कोणी म्हणेल, म्हणून हे लिहून ठेवते.

का केले? यंत्राचे कर्ज होते, ते एक. दुसरे हे की लोक दारातून विचारायचे, "धाकट्या बाई आहेत का?" नाही म्हटले की चप्पलही न काढता परत जायचे. गल्ल्यावर मी बसलेली असायचे, धाकटी. रोज. तू गेलीस आणि तुझ्या जागी मी भागीदार झाले.

म्हणून आता माझ्या सहीशिवाय दुकान विकले जात नाही, आणि मी सही अडवली आहे.

हे म्हणाले, "सतरा वर्षांनी काय उकरतेस? सही केली होती ना तिनं?"

"मी सांगितलं म्हणून केली."

"उद्या कंपनी माघार घेईल, मग बस देव देव करत!"

"ते मी रोजच करते. त्यानं काही माझं गणित सुटलं नाही."

तेव्हापासून ते ताट उचलून बाहेरच्या खोलीत जेवतात. जेवू देत.

मी जुन्या वह्या काढल्या. तू गेलीस त्याआधीच्या पाच वर्षांच्या नफ्याची सरासरी घेतली, पुस्तकात होते तशी तिची तिप्पट केली, ही झाली तेव्हाची ख्याती, आणि तिचा अर्धा भाग काढला. वर सतरा वर्षांचे व्याज. कागद सोबत आहे. ही रक्कम कंपनीने परस्पर तुला द्यावी, माझ्या हिश्श्यातून. ह्यांच्या हिश्श्याला हात लावलेला नाही. हिशेबनीस म्हणाली, "काकू, मग तुम्हाला फार काही उरत नाही." मी म्हटले, "ते मला वजाबाकीत दिसलं, बाई."

करारात तसे कलम घालून ती परवा कागद आणते आहे. कलम असेल तरच सही होईल. तुझा पत्ता तिने मागितला, तुला कामावर घ्यायचे आहे म्हणते. मी दिलेला नाही. तुझ्या वतीने ठरवायची सवय मोडते आहे.

उत्तरात नुसते 'माफ केले' लिहून पाठवू नकोस. आधी आकडा तपास. व्याज कमी धरले असेन तर तसे कळव.

तुझी देणेकरी,
थोरली जाऊ