दारावरची सूर्यफुलाची पाटी

मेरीबेथ, बाळ,

कपडे धुऊन आलीस की पिशवीसुद्धा खाली ठेवू नकोस. तुझा रॉईस गावात आलाय.

दगडांच्या दुकानात माझी सकाळची पाळी संपत आली होती. आत आला आणि म्हणाला, "काय मेहुणीबाई, माझी बायको चाकांवरच्या कुठल्या डब्यात लपवलीस?" मी फोनकडे हात नेला, तर केस धरून माझं तोंड काउंटरवर दोनदा आपटलं. एक दात गेला. दगड फोडायची हातोडी हाताला लागली, ती मी त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. पळता पळता ओरडला, "फोटोत पाटी पाहिलीय मी! पाटी शोधीन आणि दार फोडीन!"

चूक माझीच. इथं सगळे आपापल्या गाडीघरावर नावाची पाटी मिरवतात, म्हणून मीही हौसेनं एक कोरली. आपली दोघींची नावं, खाली आपलं राज्य आयडाहो, मध्ये सूर्यफूल. शेजाऱ्यांनी इंटरनेटवर टाकलेल्या फोटोत ती आली.

आपल्या गाडीघराची पाण्याची नळी आणि विजेची तार मी काढून ठेवली आहे. तू फक्त चावी फिरव आणि नदीपलीकडे कॅलिफोर्नियात जा. शेरीफच्या पोलिसांना कळवलंय, पण त्यांना यायला तास लागेल. मी वेणी घालताना लहानपणी बसायचीस तशी ताठ बस, मागे वळून बघू नकोस. कागदावरचं रक्त माझं आहे, थांबलंय आता. बीन्स शिजवलेत, वाटेत खा.

पाटी दारावर शोधू नकोस. दुकानामागं हार्लनकाकांचं रिकामं गाडीघर आहे ना, त्यावर ती टांगली आहे. आत मी बसतेय, हातोडी घेऊन.

तुझी ताई,
व्हर्ना