पिवळ्या ठिपक्याची माशी

राजपुरा, बऱ्हाणपूर
१४ मे

ती. योगेंद्रदादास,

सविताचा नमस्कार (कंबर धरली आहे, वाकता येईल तेवढाच). वहिनींचा गुडघा कसा आहे? आमची खुशाली विचारूच नकोस. फोन केला असता, पण तुझे मेहुणे दिवसभर फोनशेजारीच पडलेले असतात.

कागदाच्या मिलमधून रिटायर झाल्यावर चार महिने हे छताकडे बघत पडून होते, ते तू पाहिलंच आहेस. मग कुठल्याशा शिबिराला गेले आणि मधमाशांच्या चार पेट्या आणून गच्चीवर मांडल्या. माणूस उठला, दाढी करायला लागला, म्हणून मी गप्प बसले. चुकलं माझं. उन्हाळ्यात फुलं संपली आणि आमच्या एका माशीला शनवारा भागातलं उखर्डूसेठचं मावा जिलेबीचं दुकान सापडलं. सापडलं तर गुपचूप खाऊन यावं की नाही? पण ही जात तशी नाही. घरी येऊन पोळ्यावर अंग थरथरवत नाचते. नाचाच्या रोखावरून बाकीच्यांना दिशा कळते आणि किती वेळ थरथरली त्यावरून अंतर. (माझ्या नणंदेनं स्वस्त साड्यांचं दुकान आजवर कुणाला सांगितलेलं नाही.)

तिसऱ्या दिवशी पाकावर माशांचा थर होता. गिऱ्हाईक पायरी चढेना. सेठ स्वतः घरी आले. ओठ सुजलेला, तरी हात जोडूनच बोलत होते. ह्यांनी कबूलच केलं नाही, म्हणाले, रानातल्या असतील. आणि ते सिद्ध करायला (मी तेव्हाच रडायला हवं होतं) आपल्या वीस माशांच्या पाठीवर पिवळ्या रंगाचे ठिपके दिले, गल्ली गोळा केली आणि पाकाच्या परातीपाशी जाऊन उभे राहिले.

दहा मिनिटांत पिवळी माशी आली.

मान खाली घालावी की नाही? ह्यांचा चेहरा तर आपली पोरगी बोर्डात आल्यासारखा उजळला. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "सविता, आपलीच आहे. एवढ्या गल्ल्या ओलांडून बरोबर आली बघ."

सेठ शांतपणे म्हणाले, "प्रकाशभाऊ, आता मी भट्टी बंद करू, का तुम्ही पेट्या?"

पेट्या हलवायला आठ दिवस दिलेत. हे तीन दिवसांपासून पुन्हा पलंगावर आहेत. चहा निवतो, मी परत गरम करते, तो परत निवतो. मला काही सुचत नाही.

तुझी,
सविता

ता. क. तुझ्या मळ्यात सूर्यफूल फुललंय आणि चार कोसांत मिठाईचं दुकान नाही. पेट्या ठेवून घे.

ता. क. २. पेट्यांबरोबर ह्यांनाही ठेवून घे. रोज सकाळी विचारत जा, माशा आज कुठे गेल्या. उत्तर तासभर चालेल, ऐकून घे.

ता. क. ३. तू नाही म्हणायच्या आत टेम्पो बोलावला आहे. संध्याकाळी माशा घरी परतल्या की निघेल. हे पुढे बसतील आणि हे पत्र त्यांच्याच हाती असेल. पाकीट फुटलेलं दिसलं तर काही बोलू नकोस, जेवायला वाढ.