आंटी लामिलेचा उशीर

१४ ऑक्टोबर, सोमवार

आंटी लामिले आज उशिरा आली!

माझा तर विश्वासच बसला नाही. आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगमधल्या पोरी तिला बघून घड्याळ लावतात. गेटवरचा वॉचमन खास जिना चढून मला सांगायला आला – चेहरा असा, की कुणी गेलं असावं. आंटीला विचारलं तर म्हणाली, ट्रोट्रोची व्हॅन मिळाली नाही. अशायमानहून टेमाला यायला ट्रोट्रो मिळाली नाही म्हणे! त्या नाक्यावर माणसांपेक्षा गाड्याच जास्त असतात.

जाऊ दे. एक दिवस माफ. 'वर्षातला उत्तम कामगार'च्या गुणांत सध्या तीच पहिली आहे, आणि यंदाची ही गुणांची पद्धत मी बसवली आहे. वेळेवर येण्याचे गुण, माल वाया न घालवण्याचे गुण, नव्या पोरींना शिकवण्याचे गुण. बक्षीस दोन दारांचा फ्रिज आणि तसबिरीतलं प्रमाणपत्र. जनरल मॅनेजर ओफोसू साहेब म्हणालेत, सेनाम, हा समारंभ नीट झाला तर पगार आणि बक्षिसांचं खातं कायमचं तुझं. फसला तर दुसरं कुणी बघू.

कायम झाले की खोली! इथले घरमालक दोन वर्षांचं भाडं आधी मागतात, ते साठवतेय. तोवर ताईच्या घरी, तिच्या पोरींच्या मध्ये झोपायचं आणि लाथा खायच्या.

१५ ऑक्टोबर

आजही उशीर.

२३ ऑक्टोबर, बुधवार

नुसती आंटी नाही. गुणांत दुसरा असलेला भट्टीवरचा ओकाई – त्याने आज बिस्किटांचा अख्खा ट्रे कोळसा करून ठेवला. कारण विचारलं तर म्हणे, प्रार्थना करत होतो. कामाच्या वेळेत? तर म्हणे, देव बोलावतो तेव्हा घड्याळ बघतो का माणूस? तिसरी मर्सी आजारी म्हणून घरी. दुपारी नाक्यावर दिसली. भात-चवळीचं वाक्ये खात होती, वर अंडं, वर मासा, आणि भूक अशी की बघत राहावं.

आम्हाला शिकवलं होतं – कामातला जोर कमी झाला की समजावं, बक्षीस कमी पडतंय. टागो साहेबांना (माझे वरिष्ठ, जेवण सोडून कशाचीच घाई नसलेले) हे पटलं. म्हणाले, टीव्ही वाढव.

२८ ऑक्टोबर

नोटीस लावली. फ्रिज आणि वर टीव्ही! स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली फुलं काढली. माणसं जमली, वाचलं, काही न बोलता निघून गेली. आनंदाने गप्प झाली असणार.

२९ ऑक्टोबर

अर्धं पॅकिंग उशिरा. गुणांत चौथा आणि पाचवा दोघेही आजारी. टीव्हीने माणूस आजारी पडतो हे पहिल्यांदाच बघतेय.

आता माझंच डोकं दुखतंय.

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चनंतर अशायमानला अयितेच्या घरी गेले. मागच्या वर्षीचं बक्षीस त्याला मिळालं होतं. म्हटलं, ज्याने फ्रिज घेतला त्यालाच विचारावं, फ्रिजमध्ये काय कमी आहे ते.

घरात शिरले. भिंतीवर फोटो – अयिते, सूट, बाजूला फ्रिज. दोघेही चकाकत होते. मी विचारलं, फ्रिज कुठंय? त्याची बायको म्हणाली, "फोटोत." आणि इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

मग अयितेने सगळं सांगितलं. शुक्रवारी नाव जाहीर झालं. शनिवारी भट्टीवरची सगळी मंडळी दारात – पार्टी कुठंय? रविवारी चर्चमध्ये आभार मानायचे. म्हणजे नवं कापड – त्याला, बायकोला, आईला. मग मांडव, भाड्याच्या खुर्च्या, बकरा, बिअर, न पिणाऱ्यांना माल्टच्या बाटल्या. गावाकडून एक बस भरून नातेवाईक आले, ते बुधवारी गेले. फ्रिज विकला तरी पुरलं नाही, पोराच्या फीचे पैसे काढले.

मी म्हटलं, नाही म्हणायचं! अयितेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काल जन्मले. देवाने दिलं आणि एकट्याने खाल्लं असं लोक आयुष्यभर म्हणतात, म्हणाला. आणि बक्षीस नको म्हटलं तर गर्विष्ठ ठरतो. त्यापेक्षा उशिरा जाणं बरं.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि मी वर टीव्ही ठेवला. हे मला कळायला नको होतं? मी काय स्वित्झर्लंडहून आले? माझ्याच भावाच्या नोकरीचे आभार मानताना आईने शिवणयंत्र विकलं होतं.

६ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत आंटी लामिले वर आली. मक्याचे केंके, तळलेला मासा, शितोच्या तिखट चटणीची बाटली – सगळं माझ्या टेबलावर मांडलं. लाच देताना सुद्धा इतकं नीटनेटकं! मग म्हणाली, "मॅडम, मला आठ-दहा दिवस गैरहजर लावा."

तिच्या घराच्या भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. नवरा गेल्यापासून एकटीने बांधतेय. एका वर्षी चौथरा, एका वर्षी विटा. यंदा पत्र्यांचे पैसे जमले. पावसाआधी पत्रे चढले नाहीत तर मातीचा गिलावा वाहून जाईल. "पत्रे आले की छप्पर, मॅडम. फ्रिज आला की पाहुणे."

मी गुण काढून दाखवले. एवढे उशीर करूनही तीच पहिली. इतकी पुढे होती की मागे यायला जागाच नाही. तिने कपाळाला हात लावला. मी हळूच सुचवलं – थोडी बिस्किटं मोडा. थोडीशीच. मी पोराला चटके द्यायला सांगितल्यासारखी ती बघायला लागली. म्हणाली, उशीर करता येतो, पाय माझे आहेत. बिस्किट नाही मोडता येत.

मासा उत्तम होता. पण अर्धा तसाच ठेवला.

७ नोव्हेंबर

सोपा उपाय सापडला! फ्रिजचे पैसे गुपचूप तिच्या पगारात टाकायचे. ना नाव, ना टाळ्या, ना बस. पळतच पॅकिंगमध्ये गेले.

आंटी म्हणाली, "गुपचूप? मी काय चोरी केलीय?"

मला काही कळेना. मग तिने मला पोत्यांच्या आड नेलं. तिच्या चर्चमध्ये दर महिन्याला कुणीतरी पुढे नाचत जातं. कुणाच्या मुलीला व्हिसा मिळाला, कुणाच्या जावयाने गाडी घेतली. ही मागच्या बाकावरून टाळ्या वाजवते. नवरा गेला तेव्हा पुढे गेली होती, ती शेवटची. "मला नाचायचंय गं," म्हणाली. "पांढरा रुमाल हलवत पुढे जायचंय. फक्त छप्पर विकून नाही."

आजवर मला मॅडम म्हणत होती. आज 'गं' म्हणाली. मला रडू आलं. पोत्याच्या धुळीचं निमित्त केलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे पाचच्या गजराआधीच भाचीची लाथ बसली. डोळे उघडले आणि सुचलं! आम्ही फ्रिज देतो, मांडव तिने घालायचा. उलटं का नाही? मांडव आम्ही घालू. कापड, खुर्च्या, बकरा, माल्ट – सगळं कंपनीचं. तिने फक्त नाचायचं. आणि पत्र्याच्या पैशाला हात नाही लावायचा!

पाचच्या गजराला मी कधीच चुकले नाही, पण आज पहिल्यांदा त्याच्या आधी उठून आनंद झाला. भाचीला पाव आणि दूध माझ्याकडून.

१३ नोव्हेंबर

ओफोसू साहेबांकडे गेलो. मी बोलले. टागो साहेब मान हलवायला सोबत होते.

"कंपनी बिस्किटं बनवते, सेनाम. मांडव घालत नाही," ओफोसू साहेब म्हणाले. वर विचारलं, लोकांना खायला घालून काम वाढतं हे कुठे शिकवतात?

मी विचारलं, तुम्ही मॅनेजर झालात तेव्हा घरी काय केलंत?

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. टागो साहेब खोकले. साहेब मॅनेजर झाले त्या दिवशी टागो साहेबांनी दोनदा वाढून घेतलं होतं, हे अख्ख्या टेमाला ठाऊक आहे. मग ओफोसू साहेब म्हणाले, "हप्ते अजून चालू आहेत," आणि सही केली.

दारातून परत बोलावून बजावलं – फसलं तर खातं दुसऱ्याकडे. म्हटलं, हो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

नवी नोटीस लावली. यंदा फ्रिज नाही, टीव्ही नाही. विजेत्याच्या आभाराचा सगळा खर्च कंपनीचा, पाहुण्यांसकट. या वेळी गप्प कुणी राहिलं नाही. ओकाईने दोनदा वाचलं. 'पाहुण्यांसकट' वर बोट ठेवून विचारलं – गावाकडचे पण?

गावाकडचे पण.

१९ नोव्हेंबर

वॉचमन तक्रार घेऊन वर आला. गेट उघडायच्या आधीच बाहेर रांग. त्याला चहा प्यायला मिळाला नाही. रांगेत पहिली कोण हे विचारायलाच नको.

२ डिसेंबर

ओकाई पेटलाय. एकही ट्रे जळत नाही. देव आता त्याला सुट्टीतच बोलावतो. मर्सीची तब्येत ठणठणीत. टागो साहेब विचारत होते, अधिकाऱ्यांसाठी पण असं काही करता येईल का – मांडव नसला तरी चालेल, बकरा असावा.

१३ डिसेंबर, शुक्रवार

आंटी लामिले!! ओकाई अगदी खांद्याला खांदा लावून होता, पण नव्या पोरींना शिकवण्याच्या गुणांत ती पुढे गेली. नाव पुकारलं तेव्हा पॅकिंगमधल्या बायकांनी ओफोसू साहेबांचं भाषण तिथेच संपवलं. त्यांना ते कळलंच नाही, ते बोलतच राहिले.

ओकाई तिचा हात हातात घेऊन म्हणाला, पुढच्या वर्षी माझी आई नाचेल, सांगून ठेवतो.

१५ डिसेंबर, रविवार

पाय दुखताहेत, तरी लिहितेच.

हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ होती, सगळ्यांचे ओठ फुटलेले, पण कापड काय दिसत होतं! पॅकिंगच्या सगळ्या जणी एकाच निळ्या-पांढऱ्या कापडात. मलाही शिवलं होतं. ढोल सुरू झाला आणि आंटी मागच्या बाकावरून उठली. हळू. दोन पावलं पुढे, एक मागे, रुमाल वर. मला वाटलं होतं ती जोरात नाचेल. ती सावकाश नाचली. वाट संपू नये असं वाटत असावं. आम्ही सगळ्या तिच्या मागे. ओफोसू साहेबही नाचले – वाईट नाचतात, पण मनापासून.

मग मांडवात जेवण. गावाकडून बस आलीच. तिच्या एका म्हाताऱ्या काकांनी छडी टेकत दोनदा वाढून घेतलं, हात धुतले आणि शांतपणे विचारलं, "फ्रिज कुठंय? आम्ही दोरी आणलीय."

आंटी म्हणाली, "फ्रिज तर तुम्ही आत्ताच खाल्लात, काका."

बस संध्याकाळीच परत गेली. दोरीसकट.

१८ डिसेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत आंटीच्या घरी जाऊन आले. पत्रे चढलेत! ती आत उभी राहून वर बघत होती. उन्हात पत्रा कडकड वाजत होता. म्हणाली, ऐक, बोलतोय. मी ऐकलं. आम्ही दोघी मूर्खासारख्या माना वर करून उभ्या राहिलो. ती परत कामाला वेळेत पोचली. मलाच उशीर झाला असता.

१९ डिसेंबर

कायम झाले!!! खातं माझं. कम्युनिटी आठ या वस्तीत खोली पाहिली, खिडकीशी आंबा आहे. घरमालकाला महिनाअखेर सगळं भाडं देते म्हटलं. जेमतेम पुरतंय. पुरलं म्हणजे झालं. आता एकटीने झोपायचं, हातपाय पसरून.

२० डिसेंबर, शुक्रवार

अक्राच्या मुख्य कार्यालयाचं पत्र. सगळ्या कारखान्यांतून 'वर्षातली उत्तम अधिकारी' म्हणून माझं नाव पुढे – आंटीच्या मांडवाबद्दल! मांडव मात्र फक्त कामगारांना. अधिकाऱ्यांना जुन्या नियमाने दोन दारांचा फ्रिज. शेवटचा निर्णय महिनाअखेरची हजेरी बघून.

ताईने आईला कळवलं. आईने चर्चला कळवलं. मामा 'हो' या आमच्या गावाहून बस ठरवतोय.

पाचचा गजर बंद केला.