घोड्याची लाथ आणि गरिमाचा फॉर्म

दर्पण कॉलनी, ग्वाल्हेर
दसऱ्यानंतरचा दुसरा सोमवार

तीर्थस्वरूप उषाताईस,

धाकट्या कान्होजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि पुण्याची हवा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे माझं बीपी सोडून सगळे मजेत. (परवा कंपूतल्या दवाखान्यात दाखवून आलो. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन मत लीजिए." एवढं ऐकायला दोन तास बसलो होतो.) फोन न करता पत्र लिहितोय याचं नवल करू नकोस. आमच्याकडे फोन स्पीकरवरच असतो आणि ही गोष्ट इतक्यात आमच्या सौ.च्या, विजयाच्या, कानावर जायला नको.

आमची गरिमा बारावीला आहे, हे तू जाणतेस. इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आली आणि पोरगी म्हणते, भरणार नाही. पुण्याला जाऊन इतिहास शिकेन. ताई, माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेजारच्या संग्रामसिंहांच्या उत्कर्षने फॉर्म पहिल्याच दिवशी भरला. तेव्हापासून ते मला रोज फाटकाशी गाठतात, "बिटिया का फॉर्म भर गया, भाईसाहब?" मी "सर्वर डाउन है" सांगून दिवस काढतोय. इतिहासाने पोट कसं भरणार, असं मी गरिमाला जेवताना विचारलं, तर म्हणते, "बाबा, तुम्ही बी.कॉम. केलं ते किसलिए?" नोकरीसाठी, असं म्हणणार होतो, पण नोकरी काकांच्या ओळखीने लागली, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षण कशासाठी, हा प्रश्न चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला तोंडात घास असताना विचारू नये. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

आता दसऱ्याचं ऐक. शस्त्रपूजेत तलवारीशेजारी आपण खापरपणजोबा तुकोजींची सनद मांडतो ना, ती काचेच्या चौकटीतली? मोडीत असल्यामुळे घरात कुणालाच वाचता येत नाही, पण परीक्षेला जाताना आपण सगळे तिला डोकं टेकून गेलो. (बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षासाठी मी तीनदा टेकलं.) तुकोजींच्या पायाला लढाईत जखम झाली म्हणून सरकारांनी सनद दिली, असं आबा सांगत. तेच मी यंदा संग्रामसिंहांना सांगत होतो, आणि सांगता सांगता तलवार जरा लांब होत चालली होती. त्यांनी विचारलं, "इसमें लिखा क्या है?" मी चौकटीची काच पुसू लागलो. गरिमा म्हणाली, "मैं पढ़ देती हूँ, अंकल." इंदरगंजात तिच्या फिजिक्सच्या क्लासच्या वरच नाना म्हणून एक म्हातारे गृहस्थ मोडी शिकवतात, क्लास सुटला की आठ महिने ती वर जात होती, हे मला तेव्हा कळलं. मी चिडून म्हणालो, "वाच! नीट वाचलंस, तर पुण्याचा विचार करू."

पोरीने चौकट हातात घेतली. दोन ओळी मनात वाचल्या, थांबली, माझ्याकडे पाहिलं. मग घडाघडा वाचत सुटली: तुकोजींचं शौर्य, शत्रूचा भाला, पायाची जखम, सरकारांची मर्जी. संग्रामसिंहांनी हात जोडले. माझी छाती फुगली, पण मनात पाल चुकचुकली. एवढ्याशा कागदात एवढा मजकूर मावला कसा?

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फोटो घेऊन चोरासारखा नानांचा जिना चढलो. नानांनी चष्मा पुसून वाचलं. ताई, ती सनद नाही. तुकोजींनी छावणीतून घरी धाडलेलं पत्र आहे. भालाबिला काही नाही. त्यांच्याच घोड्याने लाथ मारली, पाय सुजला, तरी चोळायला जुनं तूप पाठवावं. एवढ्यासाठी चार पिढ्या डोकी टेकत आल्या! मला हसू फुटणार होतं, पण नाना पुढे वाचू लागले: "आम्हांस अक्षर येत नाही. कारकून काय लिहितो ते देवास ठाऊक. तुम्ही तेथे कोणाकडून वाचवून घ्याल तेही न कळे. पोरांस अक्षर शिकवावे. घरची गोष्ट घरच्या माणसास परक्याच्या तोंडून ऐकावी लागू नये." आणि मी, बी.कॉम., नानांच्या खुर्चीत बसून घरची गोष्ट परक्याच्या तोंडून ऐकत होतो.

गरिमाला हे सगळं दसऱ्यालाच कळलं होतं. खरं वाचती, तर शेजाऱ्यांसमोर माझं नाक कापलं जातं. बापाची लाज राखायला ती खोटं वाचली. हे तिला फिजिक्सवाल्यांनी शिकवलं की मोडीवाल्यांनी, कोण जाणे. मी तर शिकवलेलं नाही. जिन्यात मला रडू आलं, उगाच कशाला लपवू? अट मात्र "नीट वाचलंस तर" अशी होती. ती नीट वाचली नाही, म्हणजे मला शब्द फिरवता येईल. पण मग घोडा चव्हाट्यावर येईल.

आणखी एक आठवलं. तू हायर सेकंडरीला फर्स्ट क्लास आणलास आणि कॉलेजचं नाव काढलंस, तेव्हा आबा याच चौकटीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "घरात सनद असताना पोरीला आणखी कागद कशाला?" मी दाराआड उभा होतो. तो कागद घोड्याच्या लाथेचा होता, ताई.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना जप, जिने चढू नकोस.

तुझा,
कान्होजी

ता. क. घोड्याचं कुठे बोलू नकोस. परीक्षेआधी उत्कर्ष आपल्या चौकटीला डोकं टेकायला येणार आहे.

ता. क. मुख्य सांगायचं राहिलंच. विजयाला मी अजून विचारलेलं नाही, पण मी तिला ओळखतो. हॉस्टेलला ती साफ नाही म्हणेल. उषाताईंकडे राहणार म्हटलं, तरच ऐकेल. गरिमाला तीन वर्षं ठेवून घेशील का? पोळ्या छान करते. (करत नाही. पण शिकते लवकर.) तुझा होकार आला की मगच मी विजयापुढे तोंड उघडीन.

ता. क. हल्ली मीही नानांचा जिना चढतो. खालची ओळ मोडीत मी एकट्याने लिहिली आहे, चार दिवस लागले. तुला ती वाचता येणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. आबांच्या वेळी दाराआडून जे बोलायला हवं होतं, ते आहे. गरिमा आली की तिच्याकडून वाचून घे, ती काही परकी नाही. फक्त या वेळी जे लिहिलंय तेच वाच, म्हणावं.