इंग्रजीच्या तासाला आलेला पाहुणा

॥ जय मल्हार ॥

केंदूर, ता. शिरूर
३ डिसेंबर १९९६

श्री. नवनाथ दाजी यांस,
मल्हारीचा नमस्कार वि. वि.

इकडं आम्ही सगळे खुशाल. तुम्ही, प्रतिभावहिनी आणि चि. माऊली मजेत असाल असं धरून चालतो. आमची बहीण म्हाळसा गेली, तुम्ही दुसरा संसार मांडलात, त्याबद्दल आमची तक्रार कधी नव्हती. पण एक गोष्ट मनात खुपते म्हणून लिहायला बसलो.

परवाच्या शनिवारी तुम्ही केंदूरला आला होता. नाही म्हणू नका. शेजारच्या रखमाजीनं तुम्हाला शिक्रापूरच्या एसटीतून उतरताना पाहिलं. आधी त्यालाही ओळख पटेना. मिशा गेल्या, डोक्यावरचे केस गेले, चष्मा आला, पण चाल तीच, म्हणाला. तुम्ही सरळ शाळेत गेलात आणि तास सुटल्यावर परतीच्या गाडीत बसलात. आमची वस्ती तिथून हाकेवर. मेहुण्याच्या दारात घोटभर चहालाही आला नाहीत.

त्या दिवशी सहावीच्या इंग्रजीच्या तासाला पालकांना बसायचं बोलावणं होतं. गौतमीबाई जूनमध्ये नव्या आल्या, त्यांचं हे डोकं. आजवर आईबापाला शाळेत बोलावणं यायचं ते पोरानं कुणाला दगड मारला तरच. त्यामुळं गावाला काही पटलं नाही. बायका म्हणाल्या, कुटुंब नियोजनाच्या केसेस गोळा करायच्या असतील, मास्तर लोकांना कोटा असतो. बाप्ये म्हणाले, फळ्यापुढं उभं करून वाचायला लावतील आन् पोरांपुढं हसं करतील. मीही त्यातलाच. गेलो नाही, बानूलाही जाऊ दिलं नाही. मग दौंडात बसून तुम्हाला या तासाची खबर कशी लागली? बाईंची आणि तुमची काही ओळख आहे का?

तुमची हर्षदा आमच्याकडं पहिलीत होती तेव्हा तुम्ही शेवटचे आलात. त्यानंतर रांजणगावला कंपन्या आल्या. आता रोज कुणीतरी जीपमधून उतरून जमिनीची चौकशी करतं. म्हाळसाचा हिस्सा आमच्याच सातबाऱ्यावर आहे आणि पुढं तो पोरीचा. तुम्हाला पोरीची आठवण याच साली का झाली, हे विचारणं मला भाग आहे.

स्पष्ट लिहिलं, राग नसावा. लोभ होता तेवढा तरी राहू द्यावा.

आपला,
मल्हारी

---

दौंड
१० डिसेंबर १९९६

श्री. मल्हारी पाव्हणे यांस,
नवनाथचा स. न. वि. वि.

पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत.

आलो होतो, चोरून नाही. शाळेच्या फाटकावर खडूनं 'पालकांचे स्वागत' असं लिहिलं होतं. मी पालक आहे. बाईंना मी जन्मात आधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दारात प्रत्येकाला झेंडूचं फूल दिलं, वेलकम म्हणाल्या आणि कुणाचे पालक म्हणून विचारलं. मी म्हणालो, माझं लेकरू हाक मारील, मग तुम्हाला कळंलच. जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. बाकं बरीचशी रिकामीच होती.

पाहुण्यांना पाणी द्यायचं काम हर्षदाकडं होतं. ती माझ्यापुढं आली, पेला धरला आणि म्हणाली, काका, पाणी. सख्ख्या बापाला काका! मग बाईंनी एकेकाला उभं करून आपापल्या वडिलांबद्दल इंग्रजीत बोलायला सांगितलं. हर्षदा उठली, हात पाठीमागं बांधले आणि खणखणीत म्हणाली, माय फादर्स नेम इज मल्हारी, माय फादर इज अ फार्मर. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाई व्हेरी गुड म्हणाल्या. मला इंग्रजी फार येत नाही, पण तेवढं कळतं.

पाव्हणे, हे पोरीच्या मनानं होत नाही. हे पढवलेलं आहे. बाप समोर बसलेला असताना त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव घ्यायला लावलंत. तुमच्या घरी चहा प्यायला कुठल्या तोंडानं येऊ? जमिनीचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो, पोरीला तुमच्या नावावर चढवून म्हाळसाचा हिस्सा कुणाच्या घरात राहणार आहे?

वार्षिक परीक्षा झाली की हर्षदाला न्यायला येईन. सरळ पाठवलीत तर उपकार. नाहीतर शिरूरचं कोर्ट दोघांनाही सारखंच लांब आहे.

बानूवहिनींना नमस्कार. बाकी लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

नवनाथ

---

॥ जय मल्हार ॥

केंदूर
२० डिसेंबर १९९६

श्री. नवनाथ दाजी यांस,
मल्हारीचा नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. न्यायला येईन म्हणता, ती काय शेरडाचं करडू आहे, कासरा धरून न्यायला? पण लिहायच्या आधी खरंखोटं करावं म्हणून चार दिवस थांबलो.

पहिल्यांदा शाळेत गेलो, ते भांडायच्याच तयारीनं. मला वाटलं, हे सगळं बाईंनीच लावलेलं. तर बाईंनी मलाच विचारलं की शेवटच्या बाकावरचा तो माणूस कोण होता? नाव सांगत नव्हता, तास सुटल्यावर फूल बाकावरच टाकून निघून गेला. वर्गात वाढत्या वयाच्या मुली, त्यांना तेव्हापासून घोर लागलेला. मी म्हणालो, तो हर्षदाचा बाप. तेव्हा बाईंनी खुलासा केला. त्यांनी निमंत्रण लिहायचा धडा घेतला होता आणि प्रत्येक पोराकडून एकेक कार्ड लिहून घेऊन पोस्टात टाकायला सांगितलं होतं. कुणी कुणाला टाकलं ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग घरी येऊन हर्षदाला जवळ बसवलं. दौंडला कार्ड तूच टाकलंस का, म्हणून विचारलं. हो म्हणाली. म्हाळसाच्या ट्रंकेतल्या जुन्या पाकिटावरून तिनं तुमचा पत्ता उतरवला होता. मी रागावीन म्हणून सांगितलं नाही. शेवटी रडत म्हणाली, मामा, तू रागावू नको, ते आलेच न्हाईत.

दाजी, हे मी माझ्या हातानं तुम्हाला लिहितोय. पोरीला वाटतं तुम्ही आलाच नाहीत. तिनं तुम्हाला ओळखलं नाही. तिला कुणी पढवलेलं नाही. माझं नाव तिनं का घेतलं ते मला ठाऊक नाही, आणि मला विचारवलंही नाही.

पण तुम्ही आला होता हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. बानूलाही तशी ताकीद दिलीय. तुम्ही कोर्टाची भाषा करता, तर मी कशाला तुमच्यासाठी तिचं मन मऊ करू? पोरीसाठी आलात का पोरीच्या नावासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, माऊलीला आशीर्वाद. मनातलं लिहिलं, तसंच तुम्हीही लिहावं एवढं मागणं.

मल्हारी

---

दौंड
२ जानेवारी १९९७

ती. बानूवहिनींस,
प्रतिभाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपली गाठ कधी पडली नाही. माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल, वाईटही वाटेल. यांना न सांगता लिहितेय.

त्या शनिवारी हे मला डबल ड्यूटी आहे म्हणून सांगून गेले. दोन दिवसांनी शर्ट धुवायला घेतला तर खिशात शिक्रापूरचं तिकीट. रेल्वेतल्या माणसाचं एसटीनं शिक्रापूरला काय काम? खोटं कशाला सांगू, माझ्या मनात नको ते आलं. यांच्या पिशव्या तपासू लागले. डब्याच्या पिशवीत एक कार्ड मिळालं. वर इंग्रजी, खाली मराठीत तुमची हर्षदा. मग माझी मीच लाजले.

पुढं मल्हारीभाऊंचं पत्र आलं. हे ते वाचता वाचता ताटावरून उठले, मागनं मीही ते वाचलं. त्या दिवसापासून घरात बोलणं नाही. माऊली मांडीवर येऊन बसला तरी त्याला खाली ठेवतात.

वहिनी, जमिनीचा विषय आमच्या घरात झाला होता. माझ्या थोरल्या भावानं काढला होता. हे हो म्हणाले नाहीत, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. म्हणून तुमच्या माणसांनी संशय घेतला तर मी दोष देणार नाही. पण कार्ड आलं तेव्हा यांनी मला दाखवलं नाही, ते जमिनीमुळं नाही. मी काय म्हणेन याची त्यांना भीती होती. मला मात्र पोरीकडून भांडी घासून घ्यायची नाहीत की माऊलीला सांभाळायला लावायचं नाही. ती इथं आली तर लोक सावत्र आई म्हणून माझ्याकडं कसे बघतील, याचीच मला धास्ती.

ती राहू दे तिकडं. फक्त तिचा बाप आला होता, एवढं तिला सांगा. एवढीच माझी विनवणी. धाकटी समजून माया ठेवावी.

तुमची,
प्रतिभा

---

केंदूर
९ जानेवारी १९९७

ती. पप्पा यांस,
हर्षदाचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. सहामाहीत मला इंग्रजीत सगळ्यात जास्त मार्क पडले.

धाकट्या आईचं पत्र मामीला आलं. मामीला वाचता येत नाही म्हणून सगळी पत्रं मीच वाचून दाखवते. हेही मीच वाचलं. मामी मधेच म्हणाली थांब, थांब, पण मी शेवटपर्यंत वाचलं. मग मामी रडली. मामानं ओसरीवरून सगळं ऐकलं. आता तूच लिही म्हणाला.

शेवटच्या बाकावर चष्म्याचे काका होते ते तुम्ही होता का? मी तुम्हाला पाणी दिलं तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. माझ्याकडं तुमचा लग्नातला फोटो आहे. त्यात तुम्हाला खूप केस आहेत. मी सारखी दाराकडं बघत होते. मैत्रीण म्हणाली, तुझं कुणीच आलं नाही.

वडिलांबद्दलचं ते वाक्य मामानं मला शिकवलं असं तुम्हाला वाटलं, असं मामा म्हणाला, पण त्यानं शिकवलं नाही. मी आधी तुमचंच लिहिलं होतं. पण 'माय फादर इज अ' च्या पुढं काय लिहायचं ते मला येईना. तुम्ही रेल्वेत आहात एवढंच माहीत होतं. रेल्वेत काय करता ते माहीत नव्हतं. मामीलाही माहीत नव्हतं. मामाला विचारायची भीती वाटली. मामा शेती करतो ते मला माहीत होतं, म्हणून मी ते म्हटलं.

तुम्ही रेल्वेत काय करता? आणि तुम्ही मला लगेच ओळखलंत का?

मी दौंडला राहायला येणार नाही. माझी शाळा इथं आहे. माऊलीला गोड पापा. धाकट्या आईला नमस्कार. पत्राची वाट बघते.

तुमची,
हर्षदा

---

दौंड
१७ जानेवारी १९९७

चि. हर्षदा हिस,
पप्पाचे अनेक आशीर्वाद.

बेटा, तुझं पत्र आलं. उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं, म्हणून उशीर झाला.

मी रेल्वेत पॉइंट्समन आहे. आपल्याकडं सांधेवाला म्हणतात. स्टेशनात गाडी कोणत्या रुळावर घ्यायची ते ठरलं की तो सांधा लावायचा, बावटा दाखवायचा. दौंडला रात्रंदिवस गाड्या असतात.

तू दुसरं विचारलंस त्याचं उत्तर नाही असं आहे. मी तुला ओळखलं नाही.

मी मामांना लिहिलं की हर्षदानं मला काका म्हणून पाणी दिलं. ते वाचून त्यांना वाटलं असेल, मी तुला बघितल्याबरोबर ओळखलं. तसं नव्हतं. दुसऱ्या ओळीत लांब वेण्यांची एक मुलगी होती, ती मला तुझ्या आईसारखी वाटली. तीच तू, असं मी धरून बसलो होतो. तू पेला घेऊन आलीस तेव्हा मी नुसती मान हलवली, कारण तू मधे आलीस म्हणून मला ती दिसेना. मी मान वाकडी करून तुझ्या पलीकडं बघत होतो. मग ती मुलगी उठली आणि तिनं वडिलांचं भलतंच नाव सांगितलं. त्यानंतर बाईंनी हर्षदा म्हणून हाक मारली आणि पाणी देणारी तू उभी राहिलीस. पुढचं तुला ठाऊक आहे. मला राग तुझा नाही, माझाच आला होता. पण तो काढायला मला मामा सापडले.

तुला कुणी न्यायला येणार नाही. कोर्टाचं मी बोललो ते बोललो, आता मागं घेतो. तुझ्या आईच्या जमिनीचं तू मोठी झालीस की तू आणि मामा बघा. धाकट्या आईच्या थोरल्या भावाला मी तसं सांगितलंय. तो माझ्याशी बोलत नाही, न बोलू दे.

मामांना विचार, फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं आलो तर चालेल का. या खेपेला घरी येतो.

मामा-मामींना नमस्कार सांग. अभ्यास करत जा. मला लिहीत जा.

तुझा,
पप्पा

---

॥ जय मल्हार ॥

केंदूर
५ फेब्रुवारी १९९७

श्री. नवनाथ दाजी यांस,
मल्हारीचा नमस्कार वि. वि.

रविवारी तुम्ही सगळे सुखरूप पोचला असाल. माऊलीचा एक मोजा आमच्याकडं राहिला. कोकरामागं पळताना चिखलात पडला होता, बानूनं धुऊन ठेवलाय.

मी पोटात एक ओठात एक करणारा माणूस नाही, म्हणून कळवतो. तुम्ही आलात तेव्हापासून मी वाट बघत होतो, आता जमिनीचा विषय निघेल, जेवण झाल्यावर निघेल. तुम्ही विहिरीकडं चला म्हणालात तेव्हा तर मला वाटलं, आलंच. तुम्ही विहिरीवर हात धुतले आणि म्हाळसाला कुठं अग्नी दिला ती जागा विचारलीत, तेव्हा तुम्ही वेळेत पोचला नव्हता. मी दाखवली. तुम्ही चपला काढून पुढं गेलात. मी लांबच थांबलो. प्रतिभावहिनी आणि बानू चुलीपाशी काय बोलत होत्या ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, पण बानू हसताना ऐकू आली.

माझ्या मनातलं किल्मिष सगळं गेलं असं म्हणत नाही. इतक्या वर्षांचं एका जेवणानं जात नाही. तुमचंही गेलं नसेल.

तुमची एसटी गेली तशी हर्षदा फाट्यावरून घरी येईना. रखमाजीची म्हातारी तिला हाताला धरून घेऊन आली. रात्री जेवताना तिनं मला विचारलं, पप्पा परत कवा येणार. मी आजवर तिच्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर देत आलो, खरं नाहीतर खोटं. याचं मला देता आलं नाही. ते तुमच्याकडंच आहे.

तारीख कळवा.

सगळ्यांना यथायोग्य. माया पातळ होऊ देऊ नये.

तुमचा,
मल्हारी