खिंडीतली दुपार

८ मे, भूम

बदलीची शिक्षा भोगणाऱ्या माझ्या कर्मचारी बांधवांनो, आपली तक्रार एकच आहे: तोंड उघडलं की आपल्याला कोरड्या तालुक्यात नेऊन टाकतात. मीही सभेत बोललो आणि इथं आलो. ही वही पुढच्या सभेत तुम्हाला वाचून दाखवणार आहे, म्हणून आधीच सांगतो, मी मजेत आहे! घरमालकीण द्वारकाबाईंच्या माडीवरची खोली हवेशीर आहे. खाली उतरलं की गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. कचेरीत अणदूरचा शंभुलिंग भेटला. पहिल्याच दिवशी मैत्री झाली. तो मला ‘पुढारी’ म्हणतो. रविवारी आम्ही दोघं बालाघाटाच्या डोंगरवाटांनी दिवसभर हिंडणार.

१२ मे

द्वारकाबाईंनी बजावलं, की खिंडीत दुपार झाली की बसायचं. सावली पायाखाली गेली की मेंढपाळ, वाटसरू, सगळेच बसतात आणि ती पुन्हा बाहेर आल्यावरच उठतात. मी समजावलं, की या दिवसांत आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली दिसेनाशी होते, त्यात भिण्यासारखं काय? कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली आणि म्हणाल्या, “लई शिकलाव, चांगलं झालं. पण बसा.”

१४ मे, सकाळी

पहाटे निघालो. वाट तांबड्या मुरमाची. दोन्ही अंगांना सीताफळीची झुडपं, तरवडाची पिवळी फुलं, मोज्यात शिरणारी कुसळं. शंभुलिंगनं आईनं दिलेल्या धपाट्यांचं गाठोडं सोडलं. माझी चाल पाहून म्हणाला, “पुढारी, मोर्चा न्हाय हा. जरा दमानं!” इतका हसलो, की धाप लागली.

१४ मे, दुपारी

खिंडीत धोंडीबा नावाचे म्हातारे मेंढपाळ बसलेत. मेंढ्याही बसलेल्या, एक कान हलत नाही. त्यांनी आम्हाला शेजारची जमीन थोपटून दाखवली. शंभुलिंग लगेच बसला. मला राहवलं नाही. भीतीनं गुडघे टेकणाऱ्या माणसांवर मी उभ्यानं बोललो आणि समोर उताराखाली चकाकणारा तलाव दाखवला. शेवटी शंभुलिंग उठला, म्हणाला, “तुमच्या भाषणापेक्षा ऊन परवडलं.” निघालो. मागून म्हाताऱ्यानं ओरडून सांगितलं, “आरं पोरांनो, खाली बसा!”

१४ मे, दुपार

मोबाइलवर संध्याकाळ झालीय. ऊन मात्र डोक्यावरच. तलाव होता तेवढाच लांब. माघारी वळलो, तर खिंडही तेवढीच लांब.

उतारावर आणखी माणसं आहेत. सगळी चालतायत. एक छत्रीवाला जवळून गेला. न थांबता विचारलं, बाजार उठला का. त्याच्या चपलांचे तळ झिजून गेले होते, नुसते पट्टे पायांत. छत्री उघडी होती — खाली सावली नव्हती.

दुपारच

शंभुलिंगचं पाणी संपलं. माझं त्याला दिलं. त्याला आता घामही येत नाही. कानडीत आईशी बोलतोय. आई अणदूरला आहे. थांब म्हटलं तर म्हणतो, तलाव आलाच की.

मोबाइलप्रमाणे १५ मे. दुपार

पायात गोळा आला म्हणून मी बसलो. टाचेपाशी एक काळी रेघ उमटली. बारीक. सावली! वारा लागला. कुठूनतरी मेंढ्यांच्या घंटा —

ओरडलो, शंभू, बस! त्यानं वळून पाहिलं. चालत राहिला. उठून धावलो. रेघ गेली, घंटा गेल्या. तो पुढंच.

दुपार

पुन्हा बसलोय. रेघ बोटभर झालीय. बसून राहिलो तर मी सुटेन. तो नाही.

तो त्या लोकांबरोबर फेऱ्या मारतोय. माझ्या जवळूनच जातो. ओठ फाटलेत. मला विचारलं — मला! — तलाव किती लांब आहे.

दुपार

आवाज बसला. ओरडतो, नुसती हवा येते. खिंडीत बसलेल्या माणसाला मीच उठवलं.

तो पुन्हा इकडं येतोय. या खेपेला त्याला कवेत धरून खाली पाडणार. रेघ जाईल — जाऊ दे. वही दगडावर ठेवतो.

बांधवांनो, हे तुमच्या हाती आलं तर भर दुपारी खिंडीत या. जमिनीवर बसा. उठू नका, आमच्यामागं येऊ नका. बसल्या जागेवरून त्याला नावानं हाक मारा — शंभुलिंग, खाली बस. मोठ्यानं. सगळ्यांनी मिळून. तो ऐकतो, तो माणसांचं ऐक—